आधी मुंग्या जाऊ द्या

मुंगी रेश्माच्या पिशवीतून निघाली, सीटच्या कडेकडेनं चालत गेली आणि खिडकीशी बसलेल्या माणसाच्या मनगटावर चढली. गोष्ट इथून सुरू होते. त्याआधी नुसती सातारा-सांगली गाडी होती, मे महिन्याचं ऊन होतं, आणि उंब्रजला चढलेल्या रेश्माला मिळालेली एकुलती एक रिकामी जागा होती.

पहिल्या मुंगीमागून दुसरी आली. मग तिसरी.

तो माणूस — माणूस कसला, सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगाच — मनगटाकडे बघत राहिला. त्यानं हात झटकला नाही. खिशातून तिकीट काढलं, मुंगीच्या वाटेत धरलं आणि ती आपणहून वर चढेपर्यंत थांबला. तिन्ही चढल्यावर तिकीट रेश्माच्या पिशवीच्या तोंडाशी अलगद टेकवलं.

"तुमच्या आहेत," तो म्हणाला.

"माझ्या?"

"तुमच्या पिशवीतनं आल्यात की. खिडकीतनं टाकल्या तर त्यांना उंब्रजला परत कोण सोडणार?"

हसावं की चिडावं... रेश्मानं चिडायचं ठरवलं. गेले चार दिवस ती तेच करत होती, हात बसला होता.

"गूळ नेताय होय?"

"कीबोर्ड."

"कीबोर्डला मुंग्या?"

"काकवी सांडलीय त्याच्यावर. आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी. सुभेदार होते. बंदूक धरून कधी हात हलला नाही म्हणतात... आणि भाकरी-काकवीची ताटली धरता आली नाही!"

तो हसला. रेश्मा हसली नाही. तिनं टॉवेलात गुंडाळलेला कीबोर्ड मांडीवर घेतला आणि कडेचा टॉवेल बाजूला करून दाखवला. जुना, जाड, पिवळट पडलेला. बटणं दाबली की खाली जायची आणि खालीच राहायची.

"पंधरा दिवसांनी सांगलीत टायपिंगची चाचणी आहे," ती म्हणाली. का सांगतोय आपण याला, असं मनात आलं, पण तोंड थांबलं नाही. "गेल्या वेळी चार शब्दांनी गेली. तिथला कीबोर्ड दगडासारखा होता. यंदा स्वतःचा चालणार आहे. आणि नेमकं आता... कराडला दुकानात द्यायला चाललेय."

त्यानं वाकून बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. मग घाईघाईनं पुन्हा कीबोर्डकडे.

"दुकानात देऊ नका. घाईत कुणीतरी नळाखाली धरील, मग संपलंच. घरी करा."

"तुम्हाला काय माहीत?"

"मलकापूरला दुकान आहे माझं. दुरुस्तीचं."

"आणि दुकानात देऊ नका म्हणताय?"

"रोज तुमच्या हाताखाली असतो ना हा? मग तुमचेच हात लागू देत. दुसऱ्यानं उघडला की बटणं सैल तरी बसतात, घट्ट तरी." त्यानं मांडीवरच्या वर्तमानपत्राची कड फाडली आणि हलत्या गाडीत लिहायला घेतलं. "आठ पायऱ्या आहेत. अवघड नाहीत. ओळीनं करायच्या एवढंच."

कराड स्टँड आलं. रेश्मा उतरली तरी तो लिहीतच होता. गाडी हलली आणि खिडकीतून एक हात बाहेर आला. ती गाडीबरोबर चार पावलं पळाली, कागद तिच्या बोटांत आला. आठ ओळी, खाली एक नंबर. नंबराखाली — अरिहंत.

कागद आठ पायऱ्यांचा होता. रेश्मानं त्या कुठल्या क्रमानं केल्या, ते आता बघा.

४. बटणं एकेक करून वर उचला. जोर नको.

घरी आल्या आल्या तिनं चमचा घेतला आणि बटणं उचकटायला बसली. टक्. टक्. टक्. शंभरावर चार होती. सगळी ताटात काढली, आणि खालून मुंग्यांचं अख्खं गाव वर आलं.

शालूबाई, म्हणजे तिची आई, फवारणीचा डबा घेऊन धावली. "सरक गं, औषिद मारते!"

"नको!"

आवाज इतका मोठा निघाला की रेश्मालाच दचकायला झालं. डोळ्यांसमोर एक तिकीट होतं, आणि तिकिटावर चढायची वाट बघणारा एक माणूस.

"आगं, मुंग्याच हायत. का पाव्हणं आल्यात?"

रेश्मानं फोन लावला.

"हॅलो... मी बसमधली. मुंग्यांची."

"हां! कुठवर आलात?"

"चौथी झाली."

"आणि पहिली?"

रेश्मानं कागदावरची पहिली ओळ आत्ता वाचली.

"ओळीनं करायच्या म्हणालो होतो ओ."

"उशीर होतोय मला! चाचणी मुंग्यांची नाही, माझी आहे."

"होय की. म्हणून तर मुंग्या पहिल्या. मेलेल्या आत अडकल्या तर बटणाखाली राहतात... आणि खरं सांगायचं तर, तसं नसतं तरी हेच सांगितलं असतं. आमच्यात मारत नाहीत."

"मग काय करू? हात जोडू?"

"बशीत काकवीचं बोट ओढा. कीबोर्ड भिंतीला उभा टेकवा, बशी बाजूला ठेवा. आपण होऊन जातात. त्यांना फक्त जायला वाट पाहिजे, आणि काहीतरी निमित्त." थोडं थांबून तो म्हणाला, "ठेवू का? जेवायचंय. सूर्य बुडायच्या आत जेवतो मी."

त्या दिवसापासून रेश्मा संध्याकाळी सूर्य कुठवर आला ते बघायला लागली. तिला स्वतःला जेवायची काही घाई नव्हती.

१. आधी मुंग्या जाऊ द्या. मारू नका.

सकाळी कीबोर्डपासून बशीपर्यंत आणि बशीपासून उंबऱ्यापर्यंत काळी ओळ लागलेली. आण्णा खुर्ची टाकून बघत बसले होते.

"शिस्त बघ," ते म्हणाले. "आमच्या कंपनीत असली न्हवती."

रेश्मानं लिहिलं — गेल्या. तुमच्यामुळं.

दुसरा शब्द खोडला. मग पाठवलं.

उत्तर आलं — सगळ्या?

मोजल्या नाहीत.

एक राहिली असेल बघा. एक राहतेच.

२. वायर काढून ठेवा.

ही आपोआप झाली होती. संगणकाला जोडलेला कीबोर्ड घेऊन कोणी बसमध्ये बसत नाही.

३. बटणं काढायच्या आधी फोटो काढा.

"काढला होता ना?" त्यानं विचारलं.

"...तुम्ही हे तिसऱ्या नंबरला का लिहिलंत?"

"चौथीच्या आधी व्हावं म्हणून."

"हसू नका."

"हसत नाही."

"ऐकू येतंय मला!"

"बरं, ऐका. हाच कीबोर्ड माझ्याकडं पण आहे. जुना, याच बनावटीचा. बसमध्येच ओळखला होता. माझा फोटो पाठवतो, त्यात बघून बसवा."

फोटो आला. शंभरावर चार बटणं, आपापल्या जागी. खालच्या कोपऱ्यात चुकून त्याचा अंगठा आला होता. अंगठ्यावर चटक्याचा जुना डाग होता. फोटो बटणांच्या जागा बघण्यासाठी होता, आणि रेश्मानं तो मोठा करून करून बघितला. बटणांचा भाग नव्हे.

५. फक्त बटणं धुवा. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब.
६. खालच्या अंगाला पाणी नको. आयपीए, कापूस, धीर.

बटणं तांदूळ धुवायच्या चाळणीत घालून धुतली. खालचं अंग तिनं पुढ्यात घेतलं. आयपीए म्हणजे भुर्रकन उडून जाणारं स्पिरीट, त्याची बाटली तिनं कागद मिळाला त्याच दिवशी कराडहून आणली होती. कान साफ करायची काडी त्यात बुडवायची, एका खाचेत फिरवायची, टाकायची, दुसरी घ्यायची. काकवी लाखेसारखी धरून बसली होती. पहिल्या पुसण्याला ढिम्म हलत नव्हती. दुसऱ्याला मऊ व्हायची. तिसऱ्याला सुटायची.

"सोड आता, नवा घे," आण्णा अपराधी तोंडानं म्हणाले.

"हाच," रेश्मा म्हणाली.

सकाळी बसलेली ती दुपारच्या चहाला उठली. मान अवघडली होती, बोटं कोरडी पडली होती. पण चार शब्दांनी गेलेली मुलगी पाचव्या शब्दासाठी बसली होती. तिला कोण उठवणार?

७. सावलीत वाळवा. पूर्ण एक दिवस. घाई नको.

इथं रेश्मानं घाई केली.

अंग सावलीत ठेवलं, तेवढं ऐकलं. बटणं मात्र घेऊन ती गच्चीवर गेली. तिथं शालूबाईंनी जुन्या धोतरावर डाळीचे सांडगे वाळत घातले होते. ऊन कडक होतं, धोतराची एक कड मोकळी होती. रेश्मानं बटणं तिथं पसरली. पिवळट बटणं, पिवळे सांडगे. लांबून बघितलं तर एकच रांग.

चारच्या सुमाराला आगाशिवाच्या डोंगराकडून ढग काळे झाले, वारा सुटला, पत्रे वाजायला लागले. वळीव आला तो टपोऱ्या गारा घेऊनच. रेश्मा खाली होती, शालूबाई वर होत्या. चष्मा खाली होता. त्यांनी धोतराची चारी टोकं धरली, सगळा पसारा एका झोळीत घेतला आणि जिन्यातून धावत खाली आल्या.

मग दोघींनी जमिनीवर बसून निवडानिवड केली. बटणं ताटात, सांडगे डब्यात. दोघी भिजलेल्या. शालूबाई हसून हसून बेजार. "आता तुजी बटणं तळायची का माजं सांडगं बडवायचं, ते सांग!"

मोजायचं मात्र दोघींच्याही डोक्यात आलं नाही. सांडगे दोन दिवस खोलीत पंख्याखाली सुकले आणि टेम्पो घेऊन सांगलीला निघालेल्या शेजारच्या बिराप्पाच्या हाती एक डबा आत्याला गेला.

८. फोटो बघून बसवा.

शंभर. एकशे एक. एकशे दोन. एकशे तीन.

जागा एक उरली.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची. त्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, न बघता टायपिंग करणाऱ्यांचं बोट त्याच्यावर येऊन टेकतं आणि तिथून बाकीची बोटं आपापल्या ठिकाणी जातात. तो उंचवटा नसला की हात आंधळा होतो.

चाचणीला पाच दिवस उरले होते.

"डबा तर आत्याकडं पोचला की गं!" शालूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

रेश्मानं फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. सावलीचंही लपवलं नाही.

"उद्या रविवार," अरिहंत म्हणाला. "मी गावी जाणारच आहे, दुधगावला. सांगली वाटेवरच पडते. बघून येतो."

"दुधगाव सांगलीच्या अलीकडं आहे ना?"

"...माझी वाट जरा पुढनं वळते."

रेश्मानं ओठ चावला. "मी पण येते. बटण माझं आहे."

(कागदावर नसलेली)

राहीबाई आत्याचं घर सांगलीत, गावभागात. तिनं दोघांना दारात बघितलं, आधी भाचीला, मग त्याला, मग पुन्हा भाचीला.

"हा कोण गं?"

"कीबोर्डवाले."

"नाव न्हाई व्हय त्यांना?"

"अरिहंत मगदूम," तो म्हणाला. "सांडगे बघायला आलोय."

"पोरगी सोडून सांडगं बघाय आलेला पयलाच बघतीय!" आत्या म्हणाली आणि डबा आणायला गेली. रेश्माला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. अरिहंत भिंतीवरचं कॅलेंडर फार मन लावून वाचायला लागला.

वर्तमानपत्रावर डबा उपडा केला. दोघं समोरासमोर बसली आणि एकेक सांडगा या ढिगातून त्या ढिगात जाऊ लागला. मधेच दोघांची बोटं एकाच सांडग्यावर आली.

"हा बघितलेला," ती म्हणाली.

"पुन्हा बघितला तर काय झालं?" तो म्हणाला.

सांडगे संपले. बटण नव्हतं.

"आवं, काल मूठभर तळलं होतं," आत्याला आठवलं. "त्यातला एक फुगायच्या ऐवजी आकसला. किडका म्हणून काढून ठेवला बघा कट्ट्यावर."

तिनं आणून दिला तो शेंगदाण्याएवढा, मुरगळलेला गोळा. एका बाजूला अजून तो उंचवटा दिसत होता.

रेश्मानं तो तळहातावर घेतला. नाक हुळहुळलं, डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत, नुसते जोरात मिटून उघडले.

"राहू दे," ती म्हणाली. "चार दिवस आहेत. बटण नसलेल्या जागेवर बोट टेकवायची सवय लावीन. आत रबर तर आहे ना? दाबलं तर उमटतं. उमटेल. मी उमटवीन."

अरिहंत तिच्याकडे बघत राहिला, आणि या वेळी त्यानं घाईघाईनं दुसरीकडे बघितलं नाही.

निघताना आत्यानं त्याच्यापुढं तळलेल्या सांडग्यांची बशी धरली.

"लसूण आहे का ओ यात?"

"लसणाबिगर सांडगा कसला रं?"

"आमच्यात चालत नाही, आत्या." तिचा चेहरा पडलेला बघून त्यानं डब्यातला एक कच्चा सांडगा उचलला. "हा नेतो. तुमची आठवण."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो उंब्रजच्या स्टँडवर उतरला. हातात घडी घातलेलं एसटीचं तिकीट. घडीत बटण. पिवळट, उंचवट्यासह.

"भंगाराच्या खोक्यात सापडलं," तो म्हणाला.

"अगदी हेच?"

"नशीब तुमचं. सरावाला बसा आता. माझी गाडी आली."

गाडी आली नव्हती. तरी तो रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला. रेश्मानं घरी येऊन बटण जागेवर ठेवलं, दाबलं. टक्. बोट टेकलं. नऊ बोटं आपापल्या घरी गेली.

(चाचणी)

सांगली. केंद्रावरच्या बाईंनी कीबोर्ड उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला. घंटा झाली. रेश्माचे हात धावायला लागले. खाली जाणारं प्रत्येक बटण वर येत होतं.

पाचव्या मिनिटाला दोन बटणांच्या फटीतून एक मुंगी वर आली.

एक राहतेच.

ती उजव्या तर्जनीच्या बटणावर चढली आणि नेमकी उंचवट्यावर थांबली. घड्याळ चालू होतं. बोट वर उचललेलं होतं. नुसतं खाली आणायचं होतं, बस्स. गेल्या वेळी चार शब्दांनी गेली होती...

रेश्मानं डाव्या हातानं प्रवेशपत्राचा कोपरा मुंगीपुढं धरला. मुंगी थांबली. मिशा हलवल्या. विचार केला. चढली. रेश्मानं कागद टेबलाच्या कडेला टेकवला.

गेले चार सेकंद.

मग तिनं दात आवळले, आणि उरलेली पाच मिनिटं कागद आणि बोटं यांच्यामध्ये जगातलं दुसरं काहीही येऊ दिलं नाही.

(यादी)

अडीच आठवड्यांनी यादी लागली. तिचं नाव होतं. आण्णांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले आणि प्रत्येकाला काकवीची गोष्ट सांगितली, जणू काही त्यांनी ती मुद्दामच सांडली होती.

त्यानंतरच्या सोमवारी रेश्मा मलकापूरला उतरली. दुकान लहानसं होतं. अरिहंत कोणाच्या तरी संगणकाचं पोट उघडून बसला होता.

"यादी बघितली," तो उठून उभा राहत म्हणाला. "सकाळपासून तीनदा बघितली. नाव पुसलं जात नाही ना म्हणून."

"फोन का नाही केला?"

"निमित्त नव्हतं."

ती काही बोलणार होती. पण तिची नजर टेबलावरच्या कीबोर्डवर गेली. तोच, जुना, पिवळट. फोटोतला. उजव्या तर्जनीच्या जागी बटण नव्हतं. तिथं डाळीचा एक कच्चा सांडगा चिकटवलेला होता.

रेश्मा बघत राहिली.

"भंगाराच्या खोक्यात सापडलं होतं ना?"

अरिहंतनं कान खाजवला. "खोकं... तसं म्हटलं तर... हे दुकानच..."

"तीन आठवडे तू सांडग्यावर टाइप करतोयस?"

'तू' कधी आला, दोघांनाही कळलं नाही. आला तो गेला नाही.

"चांगला आहे की. बोटाला लागतो. आणि लसणाचा आहे, त्यामुळं भूक लागली तरी मी खाणार नाही. टिकेल."

रेश्मानं पिशवीतून एक छोटा डबा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. त्यानं झाकण उघडलं. सांडगे. काही मोठे, काही बारके, दोन-तीन वाकडे.

"हे तू खाऊ शकतोस. लसूण नाही, कांदा नाही. आईच्या पाट्याला लसणाचा वास असतो, म्हणून मिक्सरचं नवं भांडं आणून त्यात वाटलेत. पहिल्यांदा बिघडले. दुसऱ्यांदा पण. हे तिसऱ्यांदाचे."

"एवढं कशाला..."

"तुझ्यासाठी तीनदा केलेत, आणि लागलं तर चौथ्यांदा पण करीन," रेश्मा त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "आता याच्या पुढचं तू बोल. सगळ्या पायऱ्या मीच करायच्या का?"

बाहेरून एक एसटी गेली. काच हलली. अरिहंतनं डबा दोन्ही हातांनी धरला होता आणि खाली ठेवायला तयार नव्हता.

"बसमध्ये तुझ्या मुंग्या परत दिल्या," तो म्हणाला, "तेव्हा एक राहिली होती माझ्याकडं. बाहीत. मलकापूरला उतरल्यावर दिसली. तिला उंब्रजला परत सोडायला पाहिजे, असं सारखं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी... रेश्मा, मला तू आवडतेस. मुंगी कधीच गेली. वाटणं जात नाही."

"मग आता?"

"आता रविवारी दुधगावला चल. आईला सांगतो. ती आधी नाही म्हणेल."

"आण्णा पण नाहीच म्हणतील."

"मग?"

"मग काय," रेश्मा म्हणाली. "पहिल्या पुसण्याला काकवी पण हलली नव्हती."

तिनं खुर्ची ओढली, त्याच्या कीबोर्डसमोर बसली आणि उजव्या हाताचं पहिलं बोट त्या सांडग्यावर टेकवलं. खरखरीत होता. घट्ट होता. बाकीची बोटं न बघता आपापल्या जागी गेली.

तेवढ्यात डब्याच्या कडेवर एक मुंगी आली. अरिहंतचा हात तिकीट शोधायला खिशाकडे गेला, आणि रेश्मानं तो वाटेतच धरला.

"राहू दे तिला," ती म्हणाली. "बरोबर घरी आलीय."